बेचिराख गावाची दहावी चूल

माझं लग्न ठरलं तेव्हा शहराच्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत एकच विनोद चालला होता. आमच्याकडं नळाला पाणी यायचं तेव्हा अख्खी गल्ली कामधंदा सोडून घरी थांबायची, आणि पुन्हा कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. अशा गल्लीतली मुलगी चारी बाजूंनी पाणी असलेल्या गावात चालली होती. शेजारच्या खाला म्हणाल्या, "अब तेरेकू क्या कमी, दरवाजा खोले तो पानी." मावशी म्हणाली, निदान एक तरी पोरगी ड्रम भरण्यातून सुटली. मीही हसले. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात घागर आणि नारळाची करवंटी दिली आणि म्हणाल्या, "चल, तुला पाणी दावते." त्या दिवसापासून मी त्या विनोदाला हसणं बंद केलं.

गाव म्हणजे नाथसागर धरणाच्या फुगवट्यातलं एक टेकाड. धरण झालं तेव्हा खालचं मूळ गाव पाण्यात गेलं. लोकांना पलीकडच्या काठावर नव्या गावठाणात जागा मिळाल्या आणि बहुतेक सगळे तिकडं गेले. काही घरं मात्र फक्त वर सरकली, टेकाडावर येऊन थांबली. कारण अगदी साधं होतं. पाणी ओसरलं की गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते, तीवर पेरा घेता येतो, आणि ती जमीन टेकाडापासून दोन पावलांवर होती. पावसाळ्यापासून होळीपर्यंत आम्ही बेटावर असतो. होळीनंतर एका बाजूनं चिखलाची वाट उघडते, ती वाळली की ट्रॅक्टर येतो, मोटारसायकली येतात आणि बहुतेक लग्नकार्यं त्या दिवसांत उरकून घेतात. बाकी वर्षभर थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेला तराफा. मी नवी नवरी म्हणून त्या तराफ्यावर बसले तेव्हा टेकाडावर अकरा घरं होती.

एवढं पाणी भोवती असून आम्ही ते थेट पीत नव्हतो. त्यात म्हशी डुंबायच्या, कपडे धुतले जायचे, शेवाळ साचायचं. काठापासून काही पावलं आत, जिथं वाळू आणि मुरूम लागतो, तिथं गुडघाभर खड्डा खणायचा. त्याला झिरा म्हणतात. जमिनीतून गाळून पाणी हळूहळू त्यात उतरतं आणि ते करवंटीनं घागरीत भरायचं. धरणाचं पाणी मागं हटलं की झिराही मागं न्यायचा, वाढलं की पुढं आणायचा. जागा दाखवायचं काम आमच्या आत्याबाईंचं. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, आणि या आत्याबाईंना सगळं टेकाडच आत्याबाई म्हणायचं.

त्या जागा टाचेनं बघायच्या. ओल्या वाळूत टाच रुतवायची, पाय काढायचा आणि त्या खळग्याकडं बघत उभं राहायचं. पाणी भसकन आलं तर ते धरणाचं, गढूळ. आलंच नाही तर खाली नुसती चिकट माती. कडेकडेनं, रेंगाळत पाझरलं तर म्हणायच्या, "इथं खणा." मी भूगोल घेऊन बी.ए. झालेली. भूजलावर मला चांगले गुण पडले होते. पण मी दाखवलेल्या जागी एकदाही पाणी लागलं नाही, आणि कोरड्या खड्ड्याला बायका अजून बीएचा झिरा म्हणतात.

झिऱ्यावरचा कायदा एकच होता. प्रत्येक घराची एक घागर भरल्याशिवाय कुणी दुसरी भरायची नाही. घर मोठं असो, पाहुणे आलेले असोत, कायदा तोच. दोन जावांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, पण त्याही तिथं एकमेकींच्या डोक्यावर घागर चढवून द्यायच्या, फक्त तोंडं दुसरीकडं करून. मला सुरुवातीला या सगळ्याचा राग यायचा. एक घागर भरायला करवंटीनं इतक्या वेळा वाकायचं आणि समोर डोळ्यांना पुरणार नाही इतकं पाणी. मी आत्याबाईंना तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, "बघायचं पाणी येगळं, प्यायचं येगळं." त्यांना यात रागावण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

मग एक उन्हाळा असा आला की धरण खूप खाली गेलं आणि उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली. झिऱ्यातल्या पाण्यालाही वास यायला लागला. टेकाडावर घराघरांत जुलाब सुरू झाले, आणि आत्याबाईंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. वाटेवरच्या सखलात अजून चिखल होता, म्हणून त्यांना खाटेवर घालून चिखलातून नेलं आणि तिथून जीपनं थेट शहरात. दवाखान्यातून सुटल्यावर मी त्यांना छावणीत माझ्या आईबापाकडं ठेवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की यकृतानं मार खाल्लाय, हेच पाणी पुन्हा पोटात गेलं तर आम्ही काही करू शकणार नाही. यांना तिकडं नेऊ नका. त्याच महिन्यात टेकाडावरची दोन घरं कुलपं लावून नव्या गावठाणात गेली.

छावणीत आत्याबाई महिनाभर राहिल्या. नळ आला की माझी आई पाइप घेऊन जिन्यानं वर पळायची, बाबा खाली व्हॉल्व्हपाशी उभे, आणि आत्याबाई ओट्यावर बसून ही धावपळ बघायच्या. एकदा त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि गिळलं. मला म्हणाल्या, "ह्ये आपलंच पाणी हाय."

मी म्हटलं, व्हय, धरणातूनच येतं शहराला.

"न्हाऊन-धुऊन आलंय नुसतं. म्या वळखलं त्याला." मग नळाच्या पाइपाकडं बघत म्हणाल्या, "इतक्या लांब येतंय ते. आन् आपल्या दारात काहून येत नाय?"

आठ दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. आईनं हात जोडले, मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं, माझ्या नवऱ्यानं नव्या गावठाणातल्या चुलतभावाची खोली बघून ठेवली होती. त्या कुणाचं ऐकेनात. म्हणाल्या, "म्या तिथंच ऱ्हाणार. आता पाणी आणायचं का मला न्यायचं, ते तू बघ. शिकलेली हायेस." मला इतका संताप आला की परतीच्या वाटेवर बिडकीनपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पण बिडकीनला चहा घेताना माझ्या डोक्यात अर्जाचं पहिलं वाक्य तयार झालेलं होतं. पाणी आल्याशिवाय ही बाई वाचणार नाही आणि हलणारही नाही, हे मला तिथं कळून चुकलं.

त्या दिवसापासून त्यांच्यासाठी प्रत्येक थेंब मी उकळला. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून, सकाळ-संध्याकाळ. थंड करून तांब्यात भरायचा आणि तो तांब्या त्या जातील तिथं माझ्या हातात. गाळपेरीत खुरपायला गेल्या तरी मी मागून तांब्या घेऊन. बायका चिडवायच्या, सुनेनं सासूला बाटलीवर लावलंय.

अर्ज केला. टेकाडावर नळाची योजना व्हावी, धरणाचं पाणी शुद्ध करणारी टाकी मिळावी. तालुक्याच्या कचेरीतून बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ होती. सदर गाव महसुली दप्तरी बेचिराख असल्याने मागणीचा विचार करता येत नाही.

ते मी झिऱ्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एकीनं विचारलं, बेचिराख म्हंजी काय. मी भूगोलवाली, पण मराठीही चांगलं होतं माझं. मी सांगितलं, जळून राख झालेलं.

"आपलं गाव? कोणी जाळलं?"

घागरी तशाच राहिल्या. ज्यांचं मूळ गाव बुडालं त्यांना कुणीतरी ते जळालं म्हणून सांगावं, हे फारच लागलं सगळ्यांना. एक काका तर म्हणाले की कुणी तरी मुद्दाम लिहून ठेवलंय, नुकसानभरपाई खाल्ली असणार. मी तिथंच बसून दुसरा अर्ज लिहिला. आमचे गाव पाण्यात गेले आहे, ते कधीही जळालेले नाही. ते जाळल्याची खोटी नोंद कोणी केली याची सखोल चौकशी व्हावी व संबंधितांवर कडक कारवाई व्हावी. नऊ घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. इतका कडक अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता हे कबूल करते.

तो घेऊन मी स्वतःच कचेरीत गेले. टेबलामागं निवृत्तीला आलेले एक कारकून होते, दाढीला मेंदी लावलेले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा वाचला. मला आधी वाटलं, हेलावले. ते हसत होते.

"बाई, ये राख कहाँ से लाए तुम?" ते म्हणाले. मग मराठीत आले. "राख नाही ओ. बे-चिराग. निजामाच्या वेळचा दप्तरातला शब्द आहे. बे म्हणजे बिगर, चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही, वस्ती उठली, ते बेचिराग. लिहिता लिहिता त्याचं बेचिराख झालं. जाळलं नाही कुणी तुमचं गाव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छावणीत वाढलेली मी. शेजारच्या खाला स्वतःच्या लेकाला दिवसातून दहा वेळा घर का चिराग म्हणायच्या, आणि मला त्या शब्दातला चिराग दिसला नव्हता. पण लाज ओसरली तसा राग वर आला. मी म्हटलं, "मग खोडा तो शब्द. दिवे आहेत आमच्याकडं. सोलरचे आहेत."

ते हसायचे थांबले. खोडणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी कपाटातून एक छापील नमुना काढला. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, चूल स्वतंत्र आहे का, शेरा. तो भरून आणायचा, मग तलाठी येऊन पंचनामा करणार, आणि गाव वस्तीचं ठरलं तर नळाच्या यादीत जाणार. यादी महिन्याच्या आत वर जायची होती. नमुन्यात दहा ओळी होत्या.

"आमची घरं नऊ आहेत," मी म्हटलं.

त्यांनी दार बंद आहे का बघितलं. "नियम काय ते मला विचारू नका. पण अर्धवट भरलेला कागद वर गेला की त्रुटी लावून परत येतो, इतकं मी नोकरीभर बघितलंय. दहा भरून आणा. चिराग म्हणजे काय हो शेवटी? चूल पेटते तिथं घर. जितने चूल्हे, उतने घर."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, गेलेल्यांपैकी एकाचं नाव टाकू, कोण मोजायला येतंय. आत्याबाईंनी त्याला गप्प केलं. "खोटं सापडलं तर नऊ बी जातील. ज्याची चूल नाय त्याचं नाव नाय." त्या भाकरी थापत होत्या. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली आणि मग शांतपणे म्हणाल्या, "चूल तर मांडता येती की. म्या येगळी निघते."

नवरा ताटावरून उठला.

वेगळं निघणं आमच्याकडं साधी गोष्ट नाही. भाऊ भाऊ वेगळे निघतात, ते जगात चालतं. पण एकुलता एक लेक असताना आई वेगळी चूल मांडते तेव्हा त्याचा एकच अर्थ होतो, की सुनेनं बाहेर काढलं. शेजारपाजारच्या गावांत, सोयऱ्यांत, कुठंही हा अर्थ बदलत नाही. मी दोन दिवस भांडले. त्यांना म्हटलं, तुमच्यासाठी घोट घोट पाणी उकळते मी, आणि लोक माझ्या तोंडात शेण घालणार.

"घालू दी," त्या म्हणाल्या. "मंग चूळ भराया पाणी लागंल. त्येच तर आणाया चाललो ना?"

मला हसू आलं आणि मी हरले.

गेलेल्यांपैकी एका घराची किल्ली आमच्याकडं होती. मालकाला फोन केला, तो म्हणाला, ऱ्हा की खुशाल. आत्याबाईंनी भिंती सारवल्या, तीन दगडांची नाही, नीट मातीची चूल घातली, ती वाळेपर्यंत थांबल्या. मग एक तवा, परात, दोन पातेली आणि आपली गोधडी घेऊन माझ्या घरातून निघाल्या. जुन्या चुलीतला विस्तव त्यांनी नेला नाही. वेगळं निघणारानं तो न्यायचा नसतो म्हणाल्या, आणि जे करायचं ते खरं करायचं. शेजारणीकडून काडेपेटी मागून त्यांनी चूल पेटवली. मी पिठाचा डबा घेऊन गेले तर उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पाणी मात्र घ्यायच्या, कारण डॉक्टरांनी मला बजावलं होतं आणि तांब्याही माझा होता. त्या रात्री मी सवयीनं त्यांच्याही भाकरी केल्या आणि त्या बघून मला रडू आलं.

तलाठी आले ते तराफ्याच्या दोन्ही कडा घट्ट धरून, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून. माणूस सज्जन होता आणि कामाला पक्का. घराघरांत जाऊन त्यांनी चूल बघितली, राख बघितली, गाद्या मोजल्या. अख्खं टेकाड त्यांच्या मागं मागं चाललं होतं. नऊ ओळी भरल्या आणि ते दहाव्या दारात आले. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणं दारात उभी, हातात तांब्या.

"एकट्याच राहता?"

"व्हय."

"मुलगा नाही?"

"हाय की. त्यो काय, शेजारीच."

तलाठ्यांनी लिहिणं थांबवलं. "मग वेगळ्या कशा? आजी, इथं शेऱ्यात कारण लिहावं लागेल मला. नाहीतर कुणीही म्हणेल, फॉर्म भरायला चूल मांडली."

आम्ही याचा विचारच केला नव्हता. नवरा खाली बघत होता. आत्याबाईंनी एक काडी चुलीत सरकवली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"सून बघत नाय मला," त्या म्हणाल्या. "लिवा."

तलाठी माझ्याकडं वळले. माझ्या हातात उकळलेलं पाणी होतं, अजून कोमट. नऊ घरांतली माणसं, ज्यांनी मला तो तांब्या घेऊन रोज त्यांच्या मागं फिरताना बघितलं होतं, ती सगळी तिथं उभी होती. एकानंही तोंड उघडलं असतं तर मी वाचले असते आणि ओळ गेली असती. कुणी उघडलं नाही. मी तांब्या पदराखाली घेतला.

"खरं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हणाले. "पटत नाही आमचं."

त्यांनी ते सावकाश, शब्द न शब्द लिहिलं. मग कागद माझ्यापुढं धरला, कारण त्या शेऱ्याखाली माझीही सही पाहिजे होती. मी सही केली. अक्षर चांगलं आलं. तराफ्यावर बसताना तलाठी मला हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. म्हाताऱ्या माणसाला असं करू नये." मी मान खाली घातली.

पाणी यायला त्यानंतरही पुष्कळ दिवस गेले. तोवर मी पऱ्हाट्या जाळत राहिले आणि कचेरीच्या पायऱ्या चढत राहिले. पण यादीत गाव होतं, आणि एका उन्हाळ्यात चिखलाच्या वाटेनं पाइप आले, गाळणीची टाकी आली, सोलरचा पंप आला. दहा तोट्या बसल्या. आत्याबाईंच्या दारातल्या तोटीचं पाणी त्यांनी तोंडात घोळवलं, गिळलं आणि म्हणाल्या, "छावणीतलं लागतंय." आता त्यांच्या तपासण्या चांगल्या येतात. डॉक्टर मला विचारतात की गाव सोडलं ना शेवटी, आणि मी नाही म्हणते.

आमच्या चुली मात्र अजून दोनच आहेत. अधूनमधून कुणी ना कुणी मोजायला येतं, आणि दहाच्या नऊ झाल्या तर काय होईल याची परीक्षा आम्हाला बघायची नाही. भाकरी त्यांच्या चुलीवर आणि कालवण माझ्या चुलीवर होतं, जेवतो आम्ही एकत्र. नव्यानं बदलून आलेल्या आरोग्यसेविकेनं मागच्या महिन्यात घरांच्या यादीतला तो शेरा बघून मला दारातच धारेवर धरलं. वृद्धांना न सांभाळणाऱ्यांसाठी कायदा आहे म्हणाली. आत आत्याबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या आणि मी निमूट ऐकून घेत होते.

ती गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, त्या शेऱ्याचं काही करता येईल का. मी अर्ज फार चांगले लिहिते आता. तरी मी नाही म्हटलं. तालुक्याच्या दप्तरात मी सासूला न बघणारी सून आहे, माझ्या सहीनिशी, आणि ती नोंद मी जिवंत असेपर्यंत कुणाला खोडू देणार नाही.